मोकळी माती

काथ्याचा भुसा धुताना त्याची चव घ्यावी लागते. मीठ मोजायला मीटर मिळतो, माझ्याकडेही आहे, पण त्याची बॅटरी कायम उतरलेली असते आणि माझी जीभ कायम चालू असते. आमच्या एलेकर गावात कुणालाही विचारा. कोकोपीटची, म्हणजे या भुशाचीच, ढेप पावसाच्या पाण्यात भिजवायची, फुगली की गोणपाटात घालून पिळायची, निथळलेल्या पाण्याचा थेंब जिभेवर ठेवायचा. खारट लागला की पुन्हा पहिल्यापासून. नारळाची सोडणं खाऱ्या पाण्यात कुजवतात, ते मीठ काथ्यात मुरून बसतं. गुलाबाला ते खपतं. माझी झाडं कीटकभक्षी. त्यांच्या तोंडाला मुंग्या, माशा, नाकतोड्याचं पिल्लू, सगळं चालतं, पण मुळाला मीठ किंवा खत लागलं की ती काळी पडून मरतात. असली नखरेल जात मी दुसरी पाहिली नाही, आणि मी नणंद पाहिली आहे.

आधी हा खटाटोप करावा लागत नव्हता. कुंपणामागे आमचीच दलदल आहे. कागदासारखी साल सुटणारी पेपरबार्कची झाडं, लव्हाळे, मध्ये मध्ये कोऱ्या चहाच्या रंगाचं पाणी, आणि त्याखाली कोण जाणे कधीपासून कुजत राहिलेली काळी माती, जिला पीट म्हणतात. आंबट, पाणी धरून ठेवणारी, खताचा अंशही नसलेली. आमच्याकडची घटपर्णी रानात असल्याच मातीत उगवते. माझा नवरा क्लॅरी ढकलगाडी घेऊन जायचा, फावड्याने ती माती भरून आणायचा, आणि आमची रोपवाटिका तिच्यावर चालायची.

गेल्या जूनमध्ये, न्याहारी झाल्यावर, तो असाच गेला. पाऊस नुकताच थांबला होता. "आलोच. चहा झाकून ठेव," म्हणाला. ढकलगाडी अर्धी भरलेली सापडली. फावडं मातीत सरळ उभं होतं. क्लॅरी नव्हता. पोलीस आले, कुत्री आली. तिथे पाणी गुडघाभरही नाही. त्याखालची माती किती खोल आहे हे बघायला त्यांनी काठ्या एकाला एक जोडून आत घातल्या, तळ लागला नाही. कुत्री क्लॅरीने खणलेल्या खड्ड्यापर्यंत गेली आणि काठावर बसून राहिली. एकही भुंकलं नाही. शेवटी सगळे टोप्या हातात घेऊन निघून गेले.

त्याच दिवशी मी जाहीर केलं, की या दलदलीचा एक कणही यापुढे माझ्या कुंडीत जाणार नाही. तिने माझा माणूस घेतला. तिच्याकडून मला आता काही नको होतं, आणि मीही तिला आणखी काही देणार नव्हते.

ऊना, म्हणजे क्लॅरीची बहीण, शेजारच्या शेतात बटाटे पिकवते. ती रोज चहाला येते आणि रोज काहीतरी बोलून जाते. मी पावसाच्या पाण्याच्या टाकीखाली बसून काथ्यात पाइनच्या सालीचा चुरा आणि पांढरी वाळू कालवत होते, तेव्हा ती दारातूनच ओरडली, "काय गं, झाडं लावतेयस की केक करतेयस?"

"केक असता तर तुला आधी वास आला असता."

"झाडं मरतील, ग्वेन. क्लॅरीने ती त्या काळ्या मातीवर वाढवलीत."

"मला माझ्या आईने बटाट्यावर वाढवलं. म्हणून भात खाल्ला तर मरेन?"

"तुझं म्हणजे ना, सुंभ जळेल पण पीळ जळायचा नाही." तिने माझ्या हातातल्या तपकिरी लगद्याकडे बघून नाक मुरडलं आणि मग आवाज खाली आणला. "चर्चच्या आवारात त्याच्या नावाचा दगड बसवू या. किती दिवस असं अधांतरी ठेवायचं?"

"दगड मेलेल्या माणसाचा बसवतात. तो हरवलाय."

तिने दगडाचा विषय सोडला. चहा मात्र दोन कप प्यायली.

सगळ्यात जास्त भीती होती आजीबाईची. आजीबाई म्हणजे क्लॅरीने आमच्या लग्नाच्या वर्षी बी पेरून वाढवलेली घटपर्णी. अंगठ्याएवढे गर्द लाल घट, काठावर दात, वर झाकण, आणि झाकणाला पांढरट काचेसारख्या खिडक्या. आत गेलेली मुंगी त्या खिडक्यांना बाहेरची वाट समजते आणि तिथेच आपटत राहते. आमच्या काचघरातली सगळी घटपर्णी हिचीच पिलावळ. क्लॅरीचं म्हणून जे काही जिवंत उरलं होतं, ते एवढंच होतं. ती मेली असती तर ऊनाचा दगड मला बसवावा लागला असता. मला तसंच वाटत होतं.

म्हणून तिला मी सगळ्यात शेवटी हात लावला. आधी पिल्लांवर प्रयोग केले. भाताचं तूस घालून बघितलं, त्याला बुरशी आली. नुसता काथ्या घातला तर मुळं गुदमरली. नुसत्या शेवाळात ठेवलेल्या रोपांना शेवाळानेच झाकून टाकलं. एक अख्खा वाफा माझ्याच घाईने गेला, कारण शेवटच्या धुण्याला मी चव घेतली नव्हती. ऊना दारात उभी राहून बघत होती, आणि त्या दिवशी एक शब्दही बोलली नाही, तेच जास्त लागलं. पण धुतलेला काथ्या, सालीचा चुरा, पांढरी वाळू आणि वर थोडं शेवाळ, यावर रोपं तगली. तेव्हा आजीबाईला काळ्या मातीतून काढलं, मुळं धुतली, आणि नव्या मातीत बसवलं. जुनी माती बादलीत भरून कुंपणापलीकडे भिरकावली. बरं वाटलं.

माती मोकळी सोडायची, हा माझा नियम. या झाडांना दाबलेली माती सोसत नाही. क्लॅरी मात्र रोप लावलं की कुंडीच्या उजव्या कडेला अंगठ्याने एकदा दाबायचाच. "दाबल्याशिवाय मुळाला घर मिळाल्यासारखं वाटत नाही," म्हणायचा. त्याच्या उजव्या अंगठ्याचं टोक तरुणपणी लाकडाच्या गिरणीत गेलं होतं, त्यामुळे त्याचा दाब खाली चपटा असे. माझ्या अंगठ्यालाही खूण आहे. आजीबाईची मुळं पहिल्यांदा कापून रोपं वेगळी करताना सुरी लागली, तो तिरका व्रण अजून आहे. क्लॅरी दाबून पुढे गेला की मी मागून माती उकरायचा छोटा काटा घेऊन ती मोकळी करायचे. सगळा संसार आम्ही यावर भांडलो. वाईट नव्हता तो संसार.

ऑगस्टमध्ये कुंड्यांखालच्या ट्रेमधलं पाणी तपकिरी दिसायला लागलं. काथ्याही रंग सोडतो, त्यामुळे मी लक्ष दिलं नाही. मग वास आला. ओल्या काडेपेटीसारखा, थोडा लोखंडाचा. दलदलीचा वास मला चांगला ओळखू येतो, पण वारा तिकडूनच होता. रोपं मात्र तरारली. आजीबाईला एकदम सात-आठ नवे घट फुटले, इतके गर्द रंगाचे की तिच्या तरुणपणीही मी तसे पाहिले नव्हते.

एका सकाळी तिच्या कुंडीच्या उजव्या कडेला खळी दिसली. टोकाला चपटी.

मी काटा घेऊन माती मोकळी केली. दुसऱ्या सकाळी खळी परत होती.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, असं म्हणतात. मी ते तोंडातून बाहेर येऊ दिलं नाही. त्यापेक्षा ऊनावर संशय घेणं सोपं होतं. काचघराची एक किल्ली तिच्याकडे होती. ती चहाला आली तेव्हा तिच्यासमोर कुंडी आपटली.

"ही थट्टा असेल तर फार घाणेरडी आहे."

तिने खळीकडे बघितलं. मग आपला हात पुढे केला, बटाटे काढून मळलेला, आणि पाचही बोटं पसरली. "बघ नीट. हा अंगठा पुरा आहे की नाही? आणि माझ्याच भावाची थट्टा करेन मी? कसली बाई आहेस गं तू!" तिचे डोळे भरले होते. किल्ली टेबलावर ठेवून ती चहा न घेता गेली.

मी कुलूप बदललं. दाराच्या आत फरशीवर पीठ चाळून पसरलं. सकाळी पिठावर एका पालीच्या शेपटीची रेघ होती, बाकी पीठ तसंच होतं. आणि खळी आता प्रत्येक कुंडीत होती. उजव्या कडेला, एकेक. ओळीने सगळं लावून झाल्यावर क्लॅरी जशी नजर फिरवायचा, तशी मी रांगांवरून नजर फिरवली, आणि खरं सांगते, मला आनंद झाला. भीती नंतर आली. आधी आनंदच झाला.

"किती वेळा सांगितलं, दाबू नकोस," मी मोठ्याने म्हणाले. स्वतःच्याच आवाजाने दचकले. पण दुसऱ्या दिवशी त्याचा कप भरून बाकावर ठेवला, आणि काटा उचललाच नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. ऑक्टोबरमधलं झाडांचं प्रदर्शन येईपर्यंत मी माती एकदाही मोकळी केली नाही. रोज फक्त त्या खळ्या बघायचे आणि गप्पा मारायचे. आजीबाई अशी फुलली होती की येणारेजाणारे थबकत.

प्रदर्शन जवळच्या ऑल्बनी शहरात असतं, जुन्या हॉलमध्ये. आमच्या कीटकभक्षी झाडांच्या मंडळाने यंदा पीट न वापरता वाढवलेल्या झाडांसाठी वेगळा गट ठेवला होता, आणि मी सगळीकडे सांगत सुटले होते की तो गट माझाच. निम्म्या लोकांना वाटायचं की पीटवाचून घटपर्णी जगतच नाही. त्यांची तोंडं बंद करायची होती. ऊनाशी मी आधीच समेट केला होता. म्हणजे मी चहाबरोबर खायचे गरम स्कोन भाजून घेऊन गेले आणि तिने ते खाल्ले. ती गाडीतून माझ्याबरोबर आली.

नेव्हिल स्ट्रँग परीक्षक होता. सभ्य माणूस, चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधणारा. नियमाप्रमाणे त्या गटातली कुंडी उपडी करून माती बघतात. त्याने आजीबाईला दोन बोटांत धरून अलगद उलटं केलं आणि कुंडी काढली.

वर बोटभर माझा तपकिरी काथ्या होता. त्याखाली सगळं काळंभोर.

"ग्वेन," तो हळूच म्हणाला, "हे पीट आहे."

"नाही."

त्याने चिमूट घेऊन चोळली. बोटं काळी झाली. मातीत लव्हाळ्याची जुनी मुळं होती, बारीक केसांसारखी. माझ्या घरात लव्हाळा कुठेच नाही. मागे कुणीतरी हसलं. "एवढी फुशारकी मारत होती," कुणी म्हणालं.

"हसायचं असेल त्याने पुढे येऊन हसा," मी म्हणाले. "ही माती मी या हातांनी कालवली. काथ्या, साल, वाळू. मी हे आत घातलेलं नाही, आणि घातलं असतं तर तुमच्यासमोर उपडं करायला आणलं असतं का? अक्कल चालवा."

"मग आलं कुठून?" नेव्हिलने विचारलं. तो खरोखरच विचारत होता.

ऊना पुढे आली. तिने त्या काळ्या गोळ्यावरून बोट फिरवलं. गोळ्याच्या आतही, खालपर्यंत, चपट्या अंगठ्याचे दाब होते, एकावर एक. बाहेरून कुणाचा अंगठा तिथवर पोहोचणं शक्य नव्हतं.

"त्यानेच पाठवलीय," ती माझ्या कानाशी म्हणाली. "घे गं आता. माझा भाऊ देतोय तुला. घे."

तेव्हा माझं डोकं ताळ्यावर आलं. मी किती दिवस घेतच होते. चहा ठेवत होते, गप्पा मारत होते, काटा खाली ठेवला होता. ज्या दलदलीकडून काही घ्यायचं नाही असं ठरवलं, तिने माझ्याच माणसाच्या अंगठ्याने माझ्या कुंड्या भरल्या होत्या. मी आजीबाईला उचललं आणि हॉलमधून बाहेर पडले. बक्षिसाचं काय, असं कुणीतरी विचारलं, त्याला मी काय म्हणाले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

घरी येऊन एकेक कुंडी उपडी केली. सगळीकडे तेच. टाकीच्या पाण्याखाली सगळी मुळं धुतली. काळी माती क्लॅरीच्या ढकलगाडीत भरली आणि कुंपणाचं दार उघडलं. जूननंतर पहिल्यांदाच. हातात काटा होता. ऊना मागून येत होती, मी नको म्हटलं तरी.

दुपार होती. स्वच्छ ऊन. काळे काकाकुवे एरवी तिथे कलकलाट करतात, त्या दिवशी एकही नव्हता. बेडूकही नव्हते.

क्लॅरीचा खड्डा काळ्या पाण्याने भरलेला असायचा. आता तो तपकिरी लगद्याने काठोकाठ भरला होता.

मी गुडघ्यांवर बसले. मूठभर उचललं, पिळलं, थेंब जिभेवर ठेवला. खारट नव्हता. काथ्या, सालीचा चुरा, पांढरी वाळू. प्रमाणही माझंच. माझ्या सगळ्या कुंड्या रिकाम्या केल्या असत्या तरी त्या खड्ड्याचा कोपराही भरला नसता.

मधोमध एक खळगा ठेवला होता. रोप लावायच्या आधी ठेवतात तसा.

त्याची रुंदी माझ्या खांद्यांएवढी होती.

भोवतालच्या कडा दाबून घेतल्या होत्या. चपट्या अंगठ्याने, पुन्हा पुन्हा, मायेने दाबल्यासारख्या.

"ग्वेन," ऊनाने माझी बाही धरली. "चल. माझ्याकडे राहायला चल. मला दगड नको, काही नको. चल इथून."

"थांब."

मी ढकलगाडी उलटी केली. काळी माती बाजूच्या पाण्यात गेली, आवाजही झाला नाही.

"ऐक," मी म्हणाले. मी कुणाशी बोलत होते ते मला माहीत नव्हतं, म्हणून दोघांशीही बोलले. "तू क्लॅरी असशील तर पुढच्या दाराने घरी ये. किल्ली जिथे असते तिथेच आहे. चहा झाकून ठेवलाय. आणि क्लॅरी नसशील तर त्याचा अंगठा खाली ठेव. तो तुझा नाही."

लव्हाळाही हलला नाही.

मी काटा घातला. कडा फोडल्या, दाबलेलं सगळं उकरलं, आणि खळगा बुजवून टाकला. हात भरून आले तरी थांबले नाही. माती मोकळी, भुसभुशीत करून मगच उठले. ऊना रडत होती. परत येताना मी दार लावलं आणि तिला सांगितलं, की मी कुठेही राहायला जाणार नाही. हे घर माझं आहे, झाडं माझी आहेत. ज्याला जायचंय त्याने जावं.

आजीबाईला नव्या काथ्यात लावलं. तो आधी नेहमीपेक्षा जास्त वेळा धुतला, चव घेऊन. तिचे निम्मे घट वाळले, पण मधला कोंब हिरवा राहिला. ट्रेमधलं पाणी नितळ होतं. रोज सकाळी मी काटा घेऊन काचघरात जायचे आणि रोज माती तशीच मोकळी असायची. ऊना चहाला यायला लागली, टोमणे मारायला लागली. गेल्या आठवड्यात पहिला नवा घट उघडला. नेव्हिलने फोन करून, अडखळत, काथ्या किती वेळा धुतेस म्हणून विचारलं. मी सांगितलं, खारट लागेनासा होईपर्यंत. मनात म्हटलं, जिंकले.

आज सकाळी आजीबाईच्या कुंडीत उजव्या कडेला खळी होती.

चपटी नव्हती. टोक गोल आणि पुरं होतं. मधून एक बारीक तिरकी रेघ गेली होती.

मी माझी नखं बघितली. स्वच्छ होती. रात्री घराच्या दाराला आतून लावलेली कडी मीच आता काढली होती. मग अंगठा त्या खळीत ठेवून बघितला. व्रणावर व्रण बसला. माती कोमट होती.

मी काटा घेतला आणि ती मोकळी केली. तळापर्यंत. मग सवयीने चिमूटभर पिळून थेंब जिभेवर ठेवला.

खारट होता. हाताला घाम आल्यावर असतो तेवढा.

नवी ढेप टाकीखाली भिजत घातली आहे. पुन्हा पहिल्यापासून.